अंगात लागलेलं

"पुन्हा डोक्यातच," नेव्हिलने डोळ्यांवरची दुर्बीण काढली. "लिंडसे, लेका, ते डोकं भिंतीवर लावायला आणायचंय आपल्याला. त्याची चाळण करून कशी आणायची?"

तीन काठ्यांच्या तिकाटण्यावरून लिंडसेने बंदूक उचलली, रिकामं काडतूस काढून खिशात टाकलं आणि बुटांकडे बघत उभा राहिला. समोर लांबवर, सुकून फरशीसारख्या झालेल्या मातीवर पुठ्ठ्याचा कुडू उभा होता. कुडू म्हणजे आफ्रिकेतलं पिळाच्या शिंगांचं हरीण, घोड्याएवढं. लिंडसेने ते जन्मात पाहिलं नव्हतं आणि त्याच्या बायकोने, कोरलनेही नाही. पण चित्र काढायचं काम तिच्याच गळ्यात पडलं, कारण गावातल्या क्लबाच्या भिंतीवर तिने एकदा पेलिकन रंगवले होते. नव्या फ्रिजच्या खोक्यावर फोटो बघूनबघून तिने हा कुडू उतरवला, तर नेव्हिल म्हणाला, ही गाभण गाय आहे. नेव्हिल धंद्याने खाटीक. त्याला पोटं कळतात.

गाय म्हणा नाहीतर कुडू म्हणा, त्याच्या पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या भागात कोरलने एक लाल वर्तुळ काढलं होतं. तिथे काळीज. गोळी तिथे जायला हवी. दोन रविवार झाले, त्या वर्तुळाला ओरखडाही उठला नव्हता, आणि डोळ्यामागची जागा मात्र फाटून आरपार दिसायला लागली होती.

आता तुम्ही म्हणाल, नेम चुकत असेल. छे! नेम चुकला असता तर बरंच होतं. लिंडसे पोलमनने हयातभर रात्री गाडीत बसून कांगारू मारले. पश्चिम क्वीन्सलँडच्या त्या उजाड पट्ट्यात हा रीतसर धंदा आहे. मांस विकत घेणारे लोक शीतगृहाच्या दारातच जनावर तपासतात. गोळी डोक्यात असली तर माल. मानेखाली कुठेही असली तर त्याला म्हणायचं 'अंगात लागलेलं', आणि ते कुणी घेत नाही. असं एखादं जनावर ज्याच्या गाडीत निघालं, त्याची गावात आठवडाभर टर उडायची. लिंडसेच्या गाडीत ते कधी निघालं नाही. डोकं दिसलं की हात आपोआप तिकडे वळायचा, घासासाठी तोंड उघडावं तसा.

आफ्रिकेची कल्पना नेव्हिलची. आयुष्यभर मेलेली जनावरं पाहिली, एकदा तरी जिवंत जनावराच्या मागे जाऊ या, असं तो म्हणाला. लिंडसे नाहीच म्हणेल, असं कोरलने धरूनच ठेवलं होतं, पण तो चटकन हो म्हणाला. दिवसाउजेडी, गाडीतून उतरून, आपल्या पायांनी चालत जायचं आणि एकच जनावर मारायचं. हे सांगताना त्याचा चेहरा असा काही उजळला, की तिला लग्नाआधीचा लिंडसे आठवला. त्या दिवसापासून स्वयंपाकघरातलं टेबल नामिबियाने भरून गेलं. नकाशे आले, चालायचे बूट आले. नेव्हिलने आपली थोरली बंदूक लिंडसेला उसनी दिली, कारण लिंडसेची कांगारूवाली कुडूला मुंगी चावल्यासारखी लागली असती.

आणि मग रूडीचा फोन आला.

रूडी म्हणजे तिथला शेतकरी. त्याच्याच रानात शिकार व्हायची होती. फोन टेबलावर ठेवून तिघेही ऐकत होते. रूडी वयाने धाकटा, तिकडच्या रीतीप्रमाणे दोघांनाही काका म्हणायचा. त्याने थंडीचे कपडे सांगितले, बंदुकीचे कागद सांगितले, आणि वरचेवर एकच गोष्ट सांगितली: खांदा, काका, खांदा. नेव्हिल हसला आणि लिंडसेचं डोक्याचं वेड त्याने रंगवून सांगितलं. रूडीही हसला. तेवढ्यात लिंडसेने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"खांद्यात लागलं आणि पळालं तर?"

"पळणारच, काका. काळजात लागलं तरी पळतं. मग आपण मागे जायचं."

"आणि नाही सापडलं तर?"

"आमच्याकडे कायदा एकच. रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की जनावर तुमचं, सापडो न सापडो. पण सापडतं. माझ्याकडे माग काढणारा शिकोंगो आहे ना, तो रिकाम्या हाताने मला घरी येऊ देत नाही. उद्या जायचं, परवा जायचं. रक्त सांडून घरी जेवायला बसायचं नाही."

लिंडसे उठला आणि मागच्या अंगणात जाऊन उभा राहिला. नेव्हिलला वाटलं, सिगारेट ओढायला गेला असेल. कोरलने मात्र खिडकीतून पाहिलं. मान एका बाजूला कलती करून तो ऐकत होता.

ते ऐकणं तिच्या ओळखीचं होतं. दुपारी वारा पडला की लिंडसे हातातला कप तसाच धरून थांबायचा. कुणाशी बोलत असला तरी वाक्य मध्येच सुटायचं. गावात कुत्रं नसलेली घरं दोनच. एक पाद्र्याचं, कारण त्याला शिंका येतात, दुसरं लिंडसेचं. कांगारू मारणाऱ्याच्या घरी कुत्रं नाही, म्हणजे न्हाव्याच्या घरी कात्री नाही म्हणण्यासारखंच, आणि गावाने त्यावर हसून घेतलं होतं. खरं कारण कोरललाच ठाऊक. धापा टाकणारं कुत्रं त्याला सहन होत नसे. एका हिवाळ्यात कोरलच्याच छातीत कफ भरला आणि श्वास घरघरायला लागला, तर हा गृहस्थ उठून गाडीत राहायला गेला, जेवायलाही घरात येईना. ती चिडली, रडली, बॅग भरून बहिणीकडे निघाली. तेव्हा कुठे दारात आडवं येऊन त्याने सगळं सांगितलं.

तो तेव्हा शाळेत होता. बाप, क्लॅरी पोलमन, त्याला पहिल्यांदा बंदूक हातात द्यायला घेऊन गेला. ऊन उतरायची वेळ होती. पोराचा हात हलला आणि गोळी कांगारूच्या खांद्यात लागली. ते तसंच खुरडत ओढ्याकाठच्या झुडपांत शिरलं. लिंडसे मागे धावला. झुडपांत दिसत काही नव्हतं, पण ऐकू येत होतं: लोहाराचा भाता फाटल्यावर येतो तसा ओला, घरघरता श्वास. इथेच कुठेतरी, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ. बाप गाडीतून ओरडला, अंगात लागलेलं कुणी घेत नाही, चल. पोरगा म्हणाला, एक मिनिट. बाप हॉर्न वाजवायला लागला आणि वाजवतच राहिला. आणि पोरगा गेला. बापाचा हॉर्न आणि तो श्वास, दोन्हींतून त्याला निवडायचं होतं, आणि त्या वयात बापाचा हॉर्न मोठा असतो.

क्लॅरी मरून माती झाला, ओढ्याचं पात्र बदललं. श्वास मात्र थांबला नाही. कोरलने हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला दया आली. पुढे पुढे राग यायला लागला. दुसरी बाई असती तर तिच्या झिंज्या तरी उपटता आल्या असत्या. ही सवत म्हणजे एक न मेलेलं जनावर. सिनेमाला जा, चर्चला जा, समुद्रावर जा, ते बरोबर असायचंच.

रूडीच्या फोनला दोन दिवस झाले. मग भांडी पुसतापुसता लिंडसे म्हणाला, "कोरल, तिथे शोधतात."

"ऐकलं मी."

"नेव्हिलला सांग, मी येत नाही. सोमवारी तो नावं कळवणार आहे. माझं कळवू नको म्हणावं."

"का?"

"मी खांद्यात मारणार. आणि ते पळणार. आणि मला पुन्हा ऐकावं लागणार." त्याने तीच बशी पुन्हा पुसायला घेतली. "एकच पुरे आहे मला."

कोरलने नेव्हिलला काही सांगितलं नाही. नवऱ्याचा निरोप गिळून टाकायची तिची ही पहिलीच वेळ. हा माणूस या वेळी गेला नाही तर पुन्हा कुठेच जाणार नाही, कप धरून ऐकत बसेल आणि एक दिवस तसाच मरेल, एवढं तिला लख्ख दिसत होतं. म्हणून रविवारी तिनेच सँडविचं बांधली, चहाची बाटली भरली आणि दोघांना हाकलत या मैदानावर आणलं. उद्या सोमवार होता.

"आता माझा इलाज बघ," नेव्हिल म्हणाला. गाडीतून त्याने आपली दुकानातली सुरी काढली आणि सरळ चालत जाऊन पुठ्ठ्याच्या कुडूचं मुंडकं छाटलं, शिंगांसकट. ते काखेत मारून तो परत आला. "घे. डोकंच नाही. आता मार कुठे मारतोस ते."

लिंडसेने बंदूक तिकाटण्यावर टेकवली. बार झाला. नेव्हिलने दुर्बीण लावली आणि बराच वेळ काढलीच नाही.

"कुठे लागली?" कोरलने विचारलं.

"कुठेच नाही. म्हणजे, पुठ्ठ्याला नाही." त्याचा आवाज उतरला होता. "मागच्या टेकाडावर धूळ उडाली. जिथे डोकं होतं ना, बरोबर त्याच्या मागे."

नसलेल्या डोक्यात त्याने गोळी मारली होती. एरवी नेव्हिल यावर वर्षभर हसला असता. आज त्याने कापलेलं मुंडकं हळूच गाडीत पालथं ठेवलं आणि म्हणाला, राहू दे, मी एकटा जातो, तुला फोटो दाखवीन. त्याच्या मनात वाईट नव्हतं. पण लिंडसेने मान डोलावली, आणि ते मान डोलावणं कोरलला सोसलं नाही.

ती त्याच्याजवळ गेली. इतकी जवळ, की तिचा खांदा त्याच्या खांद्याला लागला. गोळी झाडणाऱ्याच्या एवढं जवळ कुणी उभं राहत नाही.

"ते पळेल," ती हळू आवाजात म्हणाली. "पळू दे त्याला. आपण जाऊ मागे. दिवस बुडला तर बुडू दे, मी काही तुला हाक मारणार नाही."

लिंडसेने तिच्याकडे पाहिलं. मग तो वाकला, गाल बंदुकीला लावला, आणि तिला त्याचा श्वास ऐकू आला, आत गेलेला आणि तिथेच थांबलेला. कितीतरी वेळ तो सुटेना.

बार झाला तेव्हा ती दचकली.

"लागली," नेव्हिल म्हणाला. मग पुन्हा, देवळात बोलावं तसा, "लागली रे. वर्तुळात. काळजात."

लिंडसेने बंदूक उघडून रिकामी केली, नेव्हिलच्या हातात दिली आणि चालायला लागला. नेव्हिलला वाटलं, भोक बघायला निघाला. पुठ्ठ्यापाशी तो थांबलाही नाही. त्याच्या बाजूने पुढे गेला, मान खाली घातलेली, पाय जपून टाकत. फरशीसारखी माती संपली आणि बाभळीची झुडपं सुरू झाली तिथे तो गुडघ्यावर बसला. जमिनीला त्याने बोट लावलं, बोटाकडे पाहिलं, उठला आणि झुडपांत शिरला.

"हा चाललाय कुठे?" नेव्हिल म्हणाला. "कोरल, पुठ्ठा आहे तो."

"माहीत आहे त्याला."

"मग?"

"उद्या त्याचं नाव कळव तू."

नेव्हिल तिच्याकडे बघत राहिला. बडबड्या माणूस, पण पस्तीस वर्षांची दोस्ती होती. विचारायचं कुठे आणि कुठे नाही, एवढं त्याला कळत होतं. तो गाडीच्या फळीवर बसला. कोरलने त्याला चहा ओतून दिला. स्वतःसाठी ओतला तो तिच्या हातातच निवला. लिंडसेचा खाकी शर्ट झुडपांतून मधूनच दिसायचा, वाकायचा, सरळ व्हायचा, थोडा डावीकडे सरकायचा. एकदा तो बराच वेळ दिसला नाही, तेव्हा नेव्हिल उठायला लागला. कोरलने त्याला बसवलं.

मग वारा पडला. गवत थांबलं, पुठ्ठ्याचं फडफडणं थांबलं. आणि इतकी वर्षं ज्याचा तिने राग राग केला, जे आहे असं तिने मनातून कधी मानलंच नव्हतं, ते कोरलला ऐकू आलं. ओलं, घरघरतं, झुडपांच्या उजव्या अंगाने. लिंडसे डावीकडे शोधत होता.

तिने कप खाली ठेवला.

"तू थांब इथे," ती नेव्हिलला म्हणाली, आणि नवऱ्याला वाट दाखवायला निघाली.