उणे सोळा

लढाई संपली त्या वर्षी मी खाटेवर होते आणि आमचे हे बाकावर. मधे सहा फूट. क्षयाच्या दवाखान्यात भेटायला येणाऱ्यानं एवढं अंतर ठेवायचं, असा डॉक्टरांचा हुकूम होता. बाक व्हरांड्याच्या भिंतीला लावलेला, माझी खाट कठड्याजवळ, आणि दोन्ही हलवायची सोय नव्हती. सांगलीला विश्रामबागेच्या पलीकडे तेव्हा नुसता माळ होता. त्या माळावरचा वारा खायला आम्हां सगळ्या बायकांना ओळीनं व्हरांड्यात निजवून ठेवलेलं असे.

नाव मी ह्यांचं घेत नाही. सासूबाई ‘अर्जुना’ म्हणून हाक मारतात, त्यावरून काय ते समजा. विश्रामबागेतल्या कॉलेजात हे पदार्थविज्ञान शिकवायचे. संध्याकाळी कॉलेज सुटलं की सायकल हाणत यायचे, टोपी काढून मांडीवर ठेवायचे आणि गप्प बसायचे. बोलका माणूस नव्हे. लग्नानंतर पहिला महिनाभर मला वाटत होतं, ह्यांना मी पसंत नाही. नंतर कळलं, ह्यांना बोलायला आकडे लागतात.

तर पहिल्याच आठवड्यात मी चिडून म्हणाले, की एवढ्या लांब बसायचं तर येता तरी कशाला. मला ताप होता आणि मुळात माझा स्वभाव काही गरीब नाही. ह्यांनी क्षणभर विचार केला, खिशातून खडू काढला आणि बाकावरूनच खाली वाकून फरशीवर लिहायला लागले.

“लांब कुठं आहे?” हे म्हणाले. “प्रकाश वर्षभर पळत राहिला तर जेवढा लांब जाईल, त्याला एक प्रकाशवर्ष म्हणायचं. त्याचे दहा तुकडे कर. त्यातला एक घे, त्याचे परत दहा. असं सोळा वेळा कर. शेवटच्या तुकड्यांतले दोनसुद्धा पुरे लागत नाहीत, एवढ्यावर मी बसलोय.”

फरशीवर एक पूर्णांक त्र्याण्णव, गुणिले दहा, आणि दहाच्या खांद्यावर बारीक अक्षरात उणे सोळा. खांद्यावरचा आकडा नुसता असला तर तेवढ्या वेळा दहानं गुणायचं, त्याच्यामागं उणेची रेघ असली तर तेवढ्या वेळा भागायचं, हे मला त्या दिवशी समजलं. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण मलकापुरात आमच्या वडलांनी पाढे घोकून घेतले होते, त्यामुळे डोकं अगदीच गंजलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम विचारलं, आकाशाच्या मापानं झालं, आता सगळ्यांत बारक्या मापानं सांगा. हे खूश झाले. बारकं माप म्हणजे अँगस्ट्रॉम. एक अणू साधारण तेवढा असतो आणि आपल्या नखाच्या रुंदीत तसे दहा कोटी मावतात. त्या मापानं आमच्यातलं अंतर अठराशे तीस कोटी भरलं. मी म्हटलं, बघा, म्हणजे लांबच बसलाय की तुम्ही.

तिथून आमचा खेळ सुरू झाला. मी विचारायची, “आज किती लांब?” आणि हे माझ्या तोंडाकडे बघून माप ठरवायचे. मी रडकुंडीला आलेली असले की प्रकाशवर्षं. मी फणकाऱ्यात असले, किंवा हे संत्री आणायला विसरलेले असले, की अँगस्ट्रॉम. बाक तोच, खाट तीच, पण मला दोन्ही खरं वाटायचं. ताप उतरलेला असला तर हे खरंच हाताशी वाटायचे, आणि खोकल्यात रक्त आलं की कुठल्या कुठं.

एकदा मी विचारलं, एका प्रकाशवर्षात अँगस्ट्रॉम किती? ह्यांनी बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आकडा लिहून काढला. मी उजवीकडून घरं मोजायला लागले, एकं, दहं, शतं, सहस्र, अशी वडलांनी शिकवलेल्या चालीवर, थेट अंत्य, मध्य, परार्धापर्यंत. परार्धाला माझी नावं संपली आणि आकडा अजून शिल्लकच होता, वर आठ घरं बिननावाची. मला एकदम भीती वाटली. ह्यांना मात्र काहीच वाटलं नाही. नाव नसलं म्हणून काय झालं, म्हणाले, मोजता येतंय ना.

साबेराबी म्हणून एक आया होती. सकाळी फरशी तीच पुसायची. “मास्तर शाळा करत्यात आन् फळा म्या पुसायचा व्हय?” असं रोज कुरकुरायची आणि पुसायच्या आधी दोन्ही हात कमरेवर ठेवून ते आकडे उभी राहून बघायची. तिला वाटायचं, माझ्या औषधांचा हिशेब आहे. मी तिला खरं सांगितलं नाही. काही गोष्टी आपल्याच असाव्या.

पण खेळानं रोग हटत नाही. दुसरा पावसाळा सरला, माझं वजन वाढेना. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि सांगितलं, डाव्या बाजूच्या काही बरगड्या काढून त्या बाजूचं फुप्फुस दाबून मिटवावं लागेल. त्यातून सगळ्याच उठतात असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. सही माझी हवी होती. मी विचार करून सांगते म्हणाले.

त्याच सुमारास मेढ्याहून सासूबाई आल्या. चंद्राबाई त्यांचं नाव. बरोबर मधाची बाटली आणि नाचणीचं पीठ. सहा फुटांचं त्यांना कुणीतरी सांगितलेलं, तर त्यांनी बाकाकडे बघून, “चार हात झालं की. त्येचं येवढं काय कौतिक,” म्हणत पदर सावरला आणि बसल्या. बराच वेळ भाताचं, म्हशीचं बोलत राहिल्या. मग बोलता बोलता त्यांचा आवाज बदलला.

“अंजना, मी वाईट न्हाई गं,” त्या म्हणाल्या. “तुजी लय वाट बघितली मी. पर त्यो एकटा सोताच्या हातानं भाकरी थापतोय, करपलेली खातोय, त्ये मला बघवत न्हाई. मेढ्यातली एक पोरगी हाय. माजं त्यो ऐकायचा न्हाई. तू व्हय म्हन, मंजी ऐकंल.”

सांगताना त्याच रडल्या. मला राग यायला हवा होता, आणि माझा राग काही लांबून आणावा लागत नाही, पण त्या दिवशी आला नाही. त्या म्हणत होत्या ते मीच रात्रंदिवस मनात म्हणत होते. दोन वर्षं हा माणूस नुसता सायकल मारतोय. मी बरी होईन की नाही, याची डॉक्टरलाही खात्री नाही. बरगड्या काढून अर्धीमुर्धी जगले तरी घागर उचलता येणार नाही, मूल होणार नाही. मी सासूबाईंना हो म्हणाले. बरगड्या काढून घ्यायच्या नाहीत, मलकापूरला आईकडे जायचं, आणि तिथं जे होईल ते होईल, असं मी मनाशी ठरवून टाकलं. ठरवल्यावर बरंही वाटलं. आपण फार मोठं काही करतोय असं वाटलं की माणसाला बरं वाटतंच.

संध्याकाळी हे आले. टोपी मांडीवर. मी कठड्याबाहेरच्या माळाकडे बघत सगळं एका दमात सांगून टाकलं. मेढ्याच्या मुलीचं, मलकापूरचं, सही करणार नाही याचं. लग्न करून घ्या, म्हटलं, माझी काही तक्रार नाही. आवाज कुठंही हलू दिला नाही, याचा मला त्या वेळी अभिमान वाटला.

 मी ह्यांच्याकडे बघितलं नाही. पलीकडच्या खाटेवरच्या बनाबाई खोकत होत्या, तेवढाच आवाज. मग फरशीवर खडू घासल्याचा आवाज आला. मी विचारलं नव्हतं तरी हे लिहीत होते. बोलता येत नसलं की ह्यांचा हात खडूकडेच जाणार.

मी मान वळवली. एक पूर्णांक त्र्याण्णव, गुणिले दहा, खांद्यावर सोळा, आणि पुढं ‘प्रकाशवर्षं’.

मी परत बघितलं. नुसतं सोळा. उणेची रेघ नव्हती.

आता ह्यांच्याबद्दल सांगायचं तर कॉलेजातल्या मुलांच्या वह्यांत कुठं एक शून्य सांडलं तरी ह्यांना जेवण जात नसे. किराणामालाची यादीसुद्धा पुन्हा तपासायचे. असा माणूस सहा फुटांचं अंतर लिहायला बसला आणि ते आभाळाच्याही पलीकडे गेलं. सगळ्यांत मोठ्या दुर्बिणीतून जेवढं दिसतं ते काही कोटी प्रकाशवर्षांत आटोपतं, हे त्यांनीच मला सांगितलेलं. आणि हा आकडा तर परार्धाच्या शेजारच्या, मध्याच्या घरात गेलेला. मी वाट बघितली. आत्ता लक्षात येईल, आत्ता पुसतील. हे त्या आकड्याकडेच बघत होते आणि त्यांना त्यात काही चुकलेलं दिसत नव्हतं. खडू धरलेला हात गुडघ्यावर पडलेला होता.

तेव्हा मला समजलं मी काय केलंय. मी त्यांची सुटका करत नव्हते. मी त्यांना तिकडे, त्या आभाळापलीकडच्या आकड्यात पाठवत होते.

खाटेवरून उतरायची मला बंदी होती. मी उतरले. खाटेचा दांडा धरून खाली फरशीवरच बसले आणि बसल्या बसल्या सरकत पुढं गेले. पदर तोंडावर धरला होता. ह्यांच्या हातातला खडू काढून घेतला आणि सोळाच्या मागं एक बारीक आडवी रेघ मारली.

“उणे राहिलं तुमचं,” मी म्हणाले.

ह्यांनी रेघेकडे बघितलं, मग माझ्याकडे. डोळे भरून आले होते आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

“मला आज तेवढंच लांब दिसलं,” हे म्हणाले. आणि मग, “अंजना, मी दुसऱ्या कुणाला हा हिशेब पहिल्यापासून शिकवणार नाही.”

माझ्या आयुष्यात मला कुणी याहून गोड काही बोललेलं नाही. मी पदराआडून रडले, आणि रडताना खोकला येऊ नये म्हणून दातांत पदर धरला. इतक्या जवळ बसून मला त्यांच्या सदऱ्याला खडूचा आणि करपलेल्या भाकरीचा वास येत होता. हात धरावा असं फार वाटलं. धरला नाही. खडू त्यांच्या पायाजवळ ठेवला आणि आले तशी मागं सरकले. तेवढ्यात साबेराबीनं बघितलं आणि सगळा व्हरांडा डोक्यावर घेतला. मला काखेत धरून खाटेवर घातलं, आणि ह्यांना म्हणाली, “मास्तर, तुमी तरी शानं असाल म्हनलं हुतं.” सकाळी तिनं फरशी नेहमीसारखी स्वच्छ पुसली.

सही मी त्याच दिवशी केली. सासूबाईंना हे स्वतः विश्रामबागेतल्या खोलीवर जाऊन काय ते बोलले. काय बोलले ते दोघांनीही मला कधी सांगितलं नाही. एवढं खरं, की त्या मेढ्याला परत गेल्या नाहीत. मुलाला भाकरी करून घालायला तिथंच राहिल्या.

बरगड्या काढल्या त्या दिवसांबद्दल मी काही सांगणार नाही. दुखलं. दुखायचंच ते. शुद्धीत आले की भिंतीपाशी बाक दिसायचा आणि बाकावर टोपी मांडीवर घेतलेला माणूस, आणि मी ओठ हलवले की तो बोटानं हवेत आडवी रेघ मारून दाखवायचा.

पुढल्या पावसाळ्याच्या तोंडाशी मला घरी सोडलं. डावा खांदा उतरलेला, चालताना किंचित तिरकी, पण थुंकी स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, आता अंतराची गरज नाही. टांग्यातून उतरून मी खोलीत आले, तर खिडकीशी माझी खाट मांडलेली आणि समोरच्या भिंतीला ह्यांची खुर्ची. मी नजरेनंच मोजलं. सहा फूट. सवयीनं तिथंच ठेवली गेली असणार, ह्यांच्या ध्यानीमनीही नसेल. मी खाटेवर टेकले, हे खुर्चीत बसले, टोपी मांडीवर घेतली. 

चुलीपुढून सासूबाई उठून आल्या. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे. मग मुलाला म्हणाल्या, “ऊठ.” हे उठले. सासूबाईंनी खुर्ची उचलली, लाकडी, चांगली जड, आणि पार माझ्या खाटेला टेकवून ठेवली, इतकी की खुर्चीचा हात खाटेच्या काठावर घासला.

“आता मोजायचं बास कर, अर्जुना,” त्या म्हणाल्या आणि भाकरी करपते म्हणून घाईनं आत गेल्या.

हे येऊन बसले. खिशात हात घालून खडू काढला, जरा वेळ बोटांत फिरवला आणि खिडकीत ठेवून दिला. मग माझा हात धरला.