बगळ्याच्या नावाची चिठ्ठी

पहिली हाक

"बगळा," पंच काब्रोलनी यादीतून नाव वाचलं.

नार्बोनजवळच्या त्या खाऱ्या तळ्यावर कोळ्यांना आडनावाने कुणी ओळखत नाही. पणजोबांच्या काटकुळ्या पायांवरून पडलेलं हे नाव आता ओदीलच्या वडिलांकडे आलं होतं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे ते घरी पडून होते, म्हणून त्यांच्या जागी चिठ्ठी उचलायला ती लियोंहून या सभेला आली होती. पहाटेपासून गाडी चालवून अंग आंबलं होतं.

वाम माशांचं जाळं तळ्यात कुणी कुठे लावायचं, हे इथे दरवर्षी चिठ्ठ्या उचलून ठरतं. तीन हाकांना ओ दिली नाही, तर नाव कायमचं कटतं.

कायमचं.

ती गप्प राहिली.

दुसरी

"बगळा."

खिडकीबाहेर उथळ पाण्यात रोहित पक्षी एका पायावर झोपले होते. तिला त्यांचा हेवा वाटला.

नाव कटलं, की एकाहत्तराव्या वर्षी पापांना गारठ्यात, कमरेएवढ्या चिखलात उतरावं लागणार नाही. तिलाही सारखं इतक्या लांब धावत यावं लागणार नाही. यातलं खरं कारण कुठलं, हे शोधायचंही त्राण तिच्यात नव्हतं.

तिसरी

"बगळा."

संपलं. तिने डोळे मिटले.

नियमात नसलेली

"पोर झोपलीय हो," मागून मिशाळ म्हणाला. त्याची होडी पापांच्या होडीशेजारी असायची. "ऑफिसातली माणसं. बसली की डुलकी."

हशा पिकला.

"तीन झाल्या," काब्रोल म्हणाले.

"मग? पुढचे आकडे येत नाहीत का तुम्हाला?"

एक नाव कमी होण्यात तिथल्या प्रत्येकाचाच फायदा होता. तरी कुणी हरकत घेतली नाही.

काब्रोलनी चष्मा सारखा केला. "बगळा?"

सगळे तिच्याकडे मायेने बघत होते. एवढी माया झटकून टाकायला अंगात जोर लागतो.

"ओ," ती म्हणाली.

फोनवर

"एकोणीस नंबर आला, पापा."

"पार पलीकडचा. तिथे रोहित पक्षी जाळी तुडवतात." मग, "कितव्या हाकेला ओ दिलीस?"

"चौथ्या."

"चौथी नसते गं."

"मिशाळने मारायला लावली."



"गाढव आहे तो," पापा हळूच म्हणाले. "आता जावं लागणार ना मला."