एकदाच सांगायचं

मी एक जुनी बाहुली आहे. पण मित्रांनो, खेळण्यातली नव्हे, शिकवणीतली. माझ्यावर आईबाप हात बसवत. बाळ कसं उचलायचं, कसं न्हाऊ घालायचं, लंगोट कसा बांधायचा, हे सगळं आधी माझ्यावर व्हायचं आणि मग खऱ्या बाळावर. थोडक्यात सांगायचं तर दुसऱ्यांच्या चुका सोसायलाच माझा जन्म झाला.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी मला घडवलं. पोटात वाळूची पिशवी शिवली, म्हणजे वजन नुकत्याच जन्मलेल्या बाळाएवढं भरावं. मान मुद्दाम ढिली ठेवली, म्हणजे हात चुकला की डोकं मागे पडावं. चेहऱ्यावर हसू रंगवलं. ते हसू अजून तसंच आहे आणि मला त्याचा आता वीट आला आहे.

एका प्रसूतिगृहात वरच्या मजल्यावर पालकांचा वर्ग भरायचा. तिथल्या मोठ्या सिस्टर शिकवायच्या. एकेक नमुने येत. एका बापानं मला भाजी धुवावी तसं नळाखाली धरलं. दुसऱ्यानं लंगोट उलटा बांधला आणि वर विचारलं, "चालतंय ना?" सिस्टर हसून म्हणायच्या, "ही रडत नाही, म्हणून तुम्हाला सगळं जमतंय. घरी बाळ रडायला लागलं की माझं बोलणं आठवत बसू नका, त्याच्याकडे बघा." सगळे माना डोलवायचे. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय. तरी ते दिवस चांगले होते. माझं कौतुक व्हायचं, वर्ग संपला की सिस्टर मला स्वच्छ पुसून ठेवायच्या.

त्याच वर्गात ते दोघं आले. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. ती पहिल्या बाकावर बसायची आणि विचारून विचारून सिस्टरना भंडावून सोडायची. तिची शिकण्याची हौस खोटी नव्हती. एकदा ती सगळ्यांसमोर म्हणाली, "माझी आई एकच गोष्ट दहा वेळा ओरडून सांगायची आणि मग मारायची. मला तसली आई व्हायचं नाहीये." हे बोलताना तिनं मला इतकं घट्ट धरलं होतं की माझी ढिली मानही हलली नाही. मला ती फार आवडली. आजही तो प्रसंग आठवला की तिच्यावर धड रागावता येत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

त्यांना मुलगी झाली. एवढीशी होती, म्हणून बाप तिला पिटुकली म्हणायचा. पिटुकली चालायला लागेपर्यंत मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या आणि दर रविवारचा वर्ग आईनं चालवायला घेतला. मी एका पिशवीतून त्यांच्या घरी आले. दाराच्या मागच्या खुंटीवर माझी जागा ठरली.

आईनं पुष्कळ वाचलं होतं, आणि त्यातून स्वतःचा एक नियम बसवला होता. मुलाला काहीही एकदाच सांगायचं, हळू आवाजात सांगायचं. ऐकलं नाही तर ओरडायचं नाही, मारायचं नाही. नुसती त्याची एक आवडती वस्तू उचलायची आणि कपाटात ठेवून द्यायची. मूल आपोआप शिकतं. पिटुकली शिकलीही. आईनं हळूच म्हणावं, "चपला जागेवर," की चपला जागेवर. वर्गातले पालक हे ऐकून थक्क व्हायचे. "मॅडम, तुमचं मूल म्हणजे अगदी सोनं," असं म्हणायचे. आणि मॅडमच्या डोक्यात ते सोनं जाऊन बसलं.

मग पिटुकलीला मोठी सर्दी झाली. सर्दी नाकातून गेली, पण उजव्या कानात ठाण मांडून बसली. झोपवताना पोर म्हणायची, "आई, कान दुखतो." आईनं वाचलं होतं की झोपायच्या वेळी मुलं हजार निमित्तं काढतात, पाणी हवं, पोट दुखतं, कान दुखतो. तिनं नियमाप्रमाणे दिवा मालवला. आठवड्याभरानं पोरीनं सांगणं सोडलं. आईला वाटलं, जमलं.

आता पिटुकलीला समोर उभं राहून बोललं तर ऐकू यायचं. मागून, नाहीतर उजव्या बाजूनं, हळू आवाजात सांगितलेलं मात्र वाऱ्यावर जायचं. ती सारखी "हं?" करायची. बाप चिडवायचा, "आली आमची हंबाई." आई मात्र दुसऱ्यांदा सांगायची नाही. रंगपेटी कपाटात गेली. तीनचाकी सायकल गेली. खाली खेळायला जाणं बंद झालं. कपाट भरत चाललं आणि पोर बावचळत चालली.

ती मला खुंटीवरून काढून कुशीत घ्यायची आणि विचारायची, "बाहुले, आई कधी सांगते गं? मला तर सांगतच नाही, नुसतं घेऊन जाते." मित्रांनो, मला सगळं कळत होतं. ती दुखरा कान माझ्या छातीवर दाबून झोपायची आणि कानातून येणारं घाण पाणी माझ्या कापडात मुरायचं. पण माझ्या तोंडाला नुसता रंग होता.

एकदा बापाला शंका आली. त्यानं मागून हाक मारली, मग जरा मोठ्यानं मारली. तो म्हणाला, "अगं, हिला ऐकू कमी येत नसेल ना?"

आई म्हणाली, "दुसऱ्यांदा हाक मारलीस ना? झालं. माझ्या सगळ्या मेहनतीचं मुसळ केरात."

 लिफ्टची एक तार कुरकुरली तरी ज्याला झोप लागत नसे, तो माणूस घरात मात्र गप्प बसला.

एका रविवारी आईला माझ्या छातीवरचा पिवळा डाग दिसला. तिनं वास घेतला, नाक मुरडलं. मला वाटलं, आता तरी हिच्या लक्षात येईल. तिनं मला साबणानं खसाखसा घासलं, उन्हात वाळवलं आणि पिटुकलीला एकदाच सांगितलं, "ही कामाची बाहुली आहे, घ्यायची नाही." त्याच दिवशी वर्गात तिनं शिकवलं की मुलं लक्ष वेधण्यासाठी ऐकून न ऐकल्यासारखं करतात. लोकांनी ते लिहून घेतलं. डाग धुतलेल्या जागी मी अजून ओलसर होते.

पुढे तिनं पिटुकलीलाच वर्गात आणलं, नियम प्रत्यक्ष दाखवायला. पोर पुढच्या खुर्चीवर बसली आणि आईनंच मला तिच्या मांडीत दिलं. पंखे घरघरत होते. आई तिच्या उजव्या बाजूला, जरा मागे उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "बाहुली टेबलावर ठेव."

पिटुकली लोकांकडे बघत बसली. आई हसली आणि तिनं मला तिच्या मांडीवरून उचललं. "पाहिलंत? ओरडायचं नाही. फक्त वस्तू घ्यायची."

तेव्हा ती पोर खुर्चीवरून उतरली. रडली नाही. तिनं आईच्या गळ्यात हात टाकून तिला खाली ओढलं, डावा कान तिच्या तोंडाशी नेला आणि म्हणाली, "इथे सांग ना आई. या कानात येतं."

मी आईच्या हातातून पडले. त्या वेळी कुणी माझी मान सावरली नाही, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

डॉक्टरांनी तपासलं. पडद्याला भोक पडलं होतं, आतली बारीक हाडं सडली होती. ते म्हणाले, "पाणी यायला लागलं तेव्हाच आणायचं होतं." शस्त्रक्रिया झाली, दुखणं थांबलं. त्या कानाचं ऐकणं मात्र परत आलं नाही.

आईनं वर्ग सोडला. आता तिथे दुसऱ्या बाई शिकवतात आणि त्यांच्याकडे रडणारी बाहुली आहे. बटण दाबलं की गप्प होते. पालकांना ती फार आवडते म्हणे.

घरी कपाट रिकामं झालं, सगळ्या वस्तू परत आल्या. आई आता एकेक गोष्ट चारचारदा सांगते, तोंडासमोर वाकून सांगते. पण परवा स्वयंपाकघरातून मारलेली हाक पिटुकलीला ऐकू आली नाही. आई हाक मारत होती हे तिला नंतर कळलं.  तिनं आपली रंगपेटी उचलली आणि स्वतःच कपाटात नेऊन ठेवली. आई तिथेच जमिनीवर बसली.

मित्रांनो, आईबापांनी शिकू नये असं मी कशी म्हणेन? माझा सगळा जन्म त्यांना शिकवण्यातच गेला. त्यांनी शिकावं, जरूर शिकावं. फक्त शिकलेलं ज्याच्यासाठी आहे त्याच्याकडे बघत शिकावं. पण त्यांच्यावर विसंबून राहू नका. तुम्हाला काही दुखलं, खुपलं, तर एकदा सांगून थांबू नका. दहा वेळा सांगा, मोठ्यानं सांगा, हात धरून खाली ओढा आणि सांगा. मोठ्या माणसांना एकदा सांगून कळत नाही.