छताकडे वळलेला दिवा

सत्तावन्न सालच्या तापाची साथ चिंचवडात शिरली, तेव्हा दवाखान्यातल्या बायकांच्या खोलीत तो दिवा वायरमन लालमहंमदनेच बसवला. मुंबईहून आलेली काचेची नळी, निळसर उजेडाची. डॉक्टरांनी तिच्याखाली पत्र्याची पन्हळ ठोकायला लावली.

"उजेड वरच राहू दे. वर चढलेल्या हवेतले जंतू मरतात. खाली आला तर माणसांचे डोळे भाजतील."

"आणि आजारी माणूस, साहेब?"

"छातीत उतरलेल्या रोगाला दिवा काय करणार? शेजारच्याला लागण होऊ नये, एवढंच."

आठवडा गेला नाही तोच लालमहंमदची बायको कनीज त्याच खोलीत आली. चऱ्होलीला माहेरी गेली होती, तिथून बैलगाडीत घालून आणली. श्वास लोहाराच्या भात्यासारखा चालला होता. तिची आई बेगमबी उशाशी बसून होती.

कनीजनं वर पाहिलं. "तुम्हीच लावलाय ना? मग इकडं वळवा की. छताला काय ताप आलाय?"

"त्यानं बरं होत नाही, कनीज."

"मग लावलाय कशाला?"

त्यानं डॉक्टरांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. सांगता सांगता त्याचं त्यालाच ते पोकळ वाटू लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं त्याची बाही धरली. "थोडाच वेळ."

तो स्टुलावर चढला, पन्हळीला हात घातला. खाली शेजारच्या खाटेवर तापानं पडलेल्या यशोदाबाईजवळ तिची तान्ही पोर उताणी पडून टकामका त्याच्याकडेच बघत होती. तो तसाच उतरला. कनीजनं भिंतीकडे तोंड फिरवलं ते फिरवलंच. दिवस मावळायच्या आत ती गेली.

"या खोलीत नवी लागण एकही नाही," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले.

"जी," तो म्हणाला.

मय्यत उचलण्याआधी बेगमबी त्याच्यासमोर उभी राहिली. "उजेड तुझ्या हातात होता. माझ्या लेकीला तेवढाही दिला नाहीस."

दिव्यानं ती वाचली नसती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण माती देऊन परतताना भर रस्त्यात त्याचे पाय थबकले. त्या पोरीच्या डोळ्यांवर पदर टाकायला यशोदाबाईला सांगता आलं असतं. सगळ्यांनाच घटकाभर डोळे झाका म्हणता आलं असतं.

हे त्याला आत्ता सुचलं होतं.