दिवाणजींचं तेलपाणी

ज्या हाताला यश असतं, त्या हाताला स्वस्थ बसवत नाही. सूनबाईच्या हाताला यश होतं. गल्लीच्या तोंडाशी तिचं पार्लर. खुर्च्या तीनच, पण गळणारे, दुभंगलेले, भांगात विरळ झालेले केस घेऊन बायका लांबून यायच्या आणि ती स्वतः उकळलेलं तेल लावून त्यांना माणसांत आणायची. त्यामुळे गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी सासरे दोन महिने मुलीकडे गेले आणि जाताना आपला पोपट तिच्या हवाली करून गेले, तेव्हा तिच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नाही.

पोपटाला घरात दिवाणजी म्हणत. दाणा पुढे आला की ते आधी मान वाकडी करून तपासणी करायचे, मगच मंजुरी द्यायचे. सासऱ्यांचा जीव त्यांच्यात गुंतलेला. पण आता पिंजरा उचलणं, धुणं त्यांच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. दिवाणजींनी यापुढे राहायचं कुणाकडे, हे ते परत आल्यावर ठरवणार होते. नणंद पक्ष्यासाठी आतुर होती. वहिनीला केसांतलं कळतं, जिवातलं काय कळणार, असं ती फोनवर हसत हसत म्हणाली होती. सूनबाईनेही हसून घेतलं. पण नवी नवरी म्हणून या घरात आली, तेव्हा तिच्याशी सगळ्यांत आधी बोलले होते ते दिवाणजी. ते नसलेलं घर तिला डोळ्यांपुढे आणवत नव्हतं.

दिवसभर नजरेसमोर असावेत म्हणून तिने पिंजरा पार्लरमध्येच ठेवला. दुसऱ्याच आठवड्यात तिची नजर पिसांवर गेली. पाठ फिकी, कडा झिजलेल्या, तकाकी नावाला नाही. अशी डोकी तिने शेकड्यांनी ताळ्यावर आणली होती. तिने तेल कोमट केलं, दिवाणजींना पंच्यात धरलं आणि मुळापासून टोकापर्यंत, मनापासून, दोन हात तेल लावलं. खुर्चीतल्या बाईने वाहवा केली.

दुपारपर्यंत दिवाणजींचं पोतेरं झालं. पिसं चिकटून मधून मधून कातडी दिसायला लागली. ते थरथरत होते, आणि थरथरता थरथरता तेच तेल चोचीने ओरपून काढत होते. सूनबाईने पिंजरा उचलला, पार्लरला कुलूप घातलं आणि पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

बाईंनी दिवाणजींना हुंगलं आणि म्हणाल्या, "तेल चांगलं आहे. माझ्या डोक्याला लावा. याच्या अंगावर केस नाहीत हो, पिसं आहेत. हाच याचा रेनकोट आणि हीच गोधडी. तुम्ही दोन्ही भिजवलंत."

मग त्यांनी शेपटीच्या मुळाशी बोट ठेवून दाखवलं. तिथे देवाने तेलाची इवलीशी कुपी दिली आहे. पक्षी चोचीने त्यातलं पुरेल तेवढंच घेतो आणि एकेक पीस विंचरतो. ज्याने पीस दिलं, त्याने त्याचं तेलही मोजूनमापून सोबतच दिलं. सूनबाईला ते ऐकताना लाज वाटली आणि बरंही वाटलं.

कोमट पाण्यात सौम्य साबणाचे चार थेंब टाकून दोघींनी तीनदा धुतलं. सवयीने तिचा हात ड्रायरकडे गेला, तर बाईंनी तो धरला. उबदार खोली पुरे. फिकेपणाचं मूळही बाईंनी सांगितलं. वर्षानुवर्षं नुसत्या सूर्यफुलाच्या बिया, आणि आता भरीला पार्लरमधल्या स्प्रेचा वास. बिघडलेलं पीस दुरुस्त होत नसतं, ते गळून नवं यावं लागतं. तोवर नव्या पिसाला लागेल ते पोटातून द्यायचं.

चूक कबूल करण्यात वेळ घालवणारी ती नव्हती. त्याच दिवशी पिंजरा घराच्या मागच्या खोलीत, कोवळ्या उन्हाच्या खिडकीशी गेला. बिया मूठभरावरून चिमूटभर झाल्या. पालेभाजी, गाजर, ढोबळी मिरची आली. दिवाणजींनी चार दिवस गाजर नामंजूर केलं. पाचव्या दिवशी तिने त्यांच्यासमोर बसून ते स्वतः कुरुमकुरुम खाल्लं, तेव्हा त्यांना आपल्या हक्कावर गदा आल्यासारखं वाटलं आणि त्यांनी तुकडा हिसकावला. रोज सकाळी ती साध्या पाण्याचा बारीक फवारा मारायची आणि ते पंख पसरून फेर धरायचे. महिन्याभरात जुनी पिसं गळू लागली आणि त्यांच्या जागी सालपटात गुंडाळलेले नव्या पिसांचे कोंब फुटले.

सासरे परतले ते नेमके हे कोंब भरात असताना. नणंद त्यांना सोडायला आलेली. दिवाणजी पोपट कमी आणि साळिंदर जास्त दिसत होते, डोकंभर टोकदार कोंब. पिसं झडायचा हंगाम आहे एवढंच म्हटलं असतं तर ते खोटंही ठरलं नसतं. सूनबाईने सासऱ्यांना दाराशीच थांबवलं.

"बाबा, आधी ऐका, मग बघा. तुम्ही गेल्यावर मी यांना तेल लावलं. कुणी सांगितलं नव्हतं, माझ्याच शहाणपणाने. जिवावर बेतलं असतं."

नणंदेने वडिलांकडे पाहिलं. म्हटलंच होतं मी, एवढं सगळं त्या पाहण्यात होतं. सासरे काठी टेकत आत गेले आणि त्यांनी बोट पुढे केलं. दिवाणजी बोटावर आले, दोन शब्द बोलले. मग वळले आणि सूनबाईपुढे रोजच्यासारखी मान खाली घालून उभे राहिले.

ती हात धुऊन आली. चोच पोचत नाही अशा जागचा, पांढरा पडून वाळलेला एक कोंब तिने दोन बोटांत हलकेच चुरला. सालपट भुकटी होऊन गळलं आणि आतलं पीस उलगडलं, ओल्या पानासारखं हिरवंगार. दुसरा, तिसरा. कानाजवळच्या कोंबाचं मूळ काळसर होतं. तिने तो सोडला.

"याच्यात अजून रक्त आहे. दुखेल त्यांना. हा पुढच्या आठवड्यात."

दिवाणजींचे डोळे मिटत आले होते. सासरे बराच वेळ तिच्या बोटांकडे बघत राहिले. मग लेकीला म्हणाले, "हे इथेच राहतील."

"एवढं करूनही?" नणंद म्हणाली.

"चुकली, ते दाराशीच सांगितलंन. आता कुठे हात लावायचा नाही, तेही तिला कळतं. आणखी काय बघायचं मी?"

सूनबाईने मान वर केली नाही. कपाळाच्या मधोमध एक कोंब छान वाळला होता.

"बाबा," ती म्हणाली, "जरा सरका बाजूला. उजेड अडतोय."