उरलेल्या पाच कॅप्सूल

“रक्त न्यायला बरोबर दोन-दोन तासांनी हजर, आणि काय चाललंय ते सांगायला कुणी फिरकेल तर शपथ!” भावजय पुटपुटली. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर ती ताईला इतकी खेटून बसली होती, की ते ताईच्या थेट कानात पडलं. एरवी ताईनं फाडकन उत्तर दिलं असतं. आज ती नुसती ओढणीचं टोक पिळत राहिली.

ताई बावीस वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरवर होती. गल्लीत तिला ‘अर्धी डॉक्टर’ म्हणत, आणि त्यातलं ‘अर्धी’ तिला कधी ऐकूच येत नसे.

गेल्या आठवड्यात आईच्या बोटात गुलाबाचा काटा मोडला. बोट टरारून सुजलं, लाली मनगटाकडे चढली, थंडी वाजून ताप आला. भावजय म्हणाली, “वन्सं, डॉक्टरांना दाखवूया का?”

“मग मी काय तिथे बावीस वर्षं माश्या मारतेय?”

आणि ताईनं दुकानाच्या खणात पडलेली, कुणाची तरी अर्धवट राहिलेली अँटिबायोटिकची पट्टी आणली. पाच कॅप्सूल. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. “बघितलंस?” असं तिनं भावजयीला तीनदा ऐकवलं.

कॅप्सूल संपल्या त्या दिवशी आईनं चहात कंगवा बुडवला आणि ढवळत बसली. ताईला ‘मावशी’ म्हणून हाक मारली, शाळेची घंटा झाली का विचारलं. ताई पोट धरून हसली. भावजय हसली नाही.

“हात गार पडलेत त्यांचे. धाप लागलीये. सकाळपासून लघवीलाही गेल्या नाहीत. नेऊया ना.”

“वय झालंय तिचं, चालायचंच. तुला काय कळतं त्यातलं? उद्या बघू.”

उद्या उजाडला तेव्हा आई डोळे उघडेना.

दाखल करताना डॉक्टरीणबाईंनी उभ्या उभ्याच समजावलं होतं. जंतुसंसर्ग अंगात पसरला, की कधी कधी त्याच्याशी लढता लढता शरीर आपल्याच अवयवांवर उलटतं. रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडं थकतात, माणूस बरळायला लागतो. याला सेप्सिस म्हणतात, आणि यात तास मोजायचे असतात, दिवस नाही. मग त्यांनी विचारलं होतं, “आधी काही औषध दिलंत?”

“तापाची गोळी फक्त,” भाऊ ताईकडे न बघता म्हणाला होता. ताईला हायसं वाटलं होतं. त्या हायसं वाटण्याची लाज तिला दोन दिवस पुरून उरली होती.

त्यानंतर कॅप्सूलबद्दल तिघंही मूग गिळून बसले. भाऊ चहा आणून देई, “साखर कमीच घातलीये हं ताई” म्हणे. भावजयीनं एक टोमणा मारला असता तरी बरं झालं असतं. उलट दोन शब्द सुनावता आले असते. पण ती ताईच्या मांडीवर शाल टाके.

दार उघडलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, तिघंही उठले.

“रक्तदाब अजून औषधावर तोलून धरलाय. ताप परत चढतोय. आणि रक्तातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत एकही उगवला नाही. अर्धवट अँटिबायोटिक पोटात गेलं असेल तर असं होतं. जंतू तपासणीत लपतो, पण मरत नाही. मला औषध बदलायचंय, आणि मी अंधारात बाण मारतेय. म्हणून परत विचारते. काही दिलं होतं?”

“नाही, म्हणजे...” भाऊ अडखळला.

“आम्हाला नीटसं आठवत नाही,” भावजय घाईनं म्हणाली आणि तिनं हळूच ताईचा हात धरला.

त्या हातानंच ताईला भाजल्यासारखं झालं. जिला जन्मभर ‘तुला काय कळतं’ म्हटलं, तीच आता पांघरूण घालत होती. आणि आत आई तासातासानं विझत होती.

ताईनं हात सोडवून घेतला. औषधाचं नाव सांगितलं, किती ताकदीचं तेही सांगितलं. “सकाळ-संध्याकाळ एक. पाचच होत्या, संपल्या तशा थांबवल्या. मी दिल्या. कुणाला न विचारता.”

डॉक्टरीणबाई भराभर लिहीत होत्या. “आणि बरळायला लागल्या तेव्हा लगेच का नाही आणलंत?”

“ही आणत होती,” ताई म्हणाली. “मी आणू दिलं नाही. आई भ्रमात बोलत होती आणि मी तिला हसत होते.”