लवूकाकांच्या पोटावरचं लिव्हर

आमच्या दिंडोशीच्या सोसायटीत एकच डॉक्टर, आणि तो ॲनाटॉमीत नापास झालेला. सौरभ घाडी, एमबीबीएस, पहिलं वर्ष. तोंडी परीक्षेत समोरच्या माणसाच्या अंगावर पेनानं अवयव काढून दाखवायचे असतात. सौरभनं लिव्हर डावीकडे काढलं.

आता शुक्रवारी फेरपरीक्षा. त्यातही गेला तर वर्ष गेलं. ज्यांच्या अंगावर सराव करायचा, ते मित्र पास होऊन पुढं निघून गेले होते. तेव्हा त्याचे वडील लवूकाका बनियन वर करून सोफ्यावर आडवे झाले.

"माज्या पोटार काढ रे झिला. नायतरी तां रिकामाच पडलाहा."

रिकामं ते कधीच नव्हतं. प्रशस्त मात्र होतं. खडू घामानं टिकेना, म्हणून सौरभनं आईचा मार्कर घेतला. ह्याच मार्करनं नलिनीकाकू मसाल्याच्या बरण्यांवर नावं घालत, आणि ती नावं तेलाला, वाफेला, कशालाच दाद देत नसत. तासाभरात काकांच्या पोटावर लिव्हर, जठर, स्प्लीन आणि पित्ताशय नावांसकट नांदू लागली.

तेवढ्यात काकू म्हणाल्या, "अहो, उद्या तुमचं हर्नियाचं ऑपरेशन ना?"

सौरभनं मार्करला टोपण घातलं. ऑपरेशन त्याच्याच कॉलेजच्या हॉस्पिटलात होतं. करणार होत्या सुलक्षणा मॅडम, आणि शुक्रवारी परीक्षा घेणारे ॲनाटॉमीचे सर म्हणजे मॅडमचे यजमान. मॅडम घरी हे सांगणार, सर हसणार, आणि शुक्रवारी त्याची वाट लागणार.

काकूंनी खोबरेल लावलं, बेसन चोळलं, शेवटी भांड्यांची घासणी घेतली. काका ओरडले. स्प्लीन जरा उजळली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी कमरेत इंजेक्शन देऊन काकांचा खालचा भाग बधिर केला. काका जागेच होते. तोंडासमोर फक्त पडदा होता. मॅडमनी गाऊन वर केला आणि बराच वेळ वाचत राहिल्या.

"हर्षद," त्या आपल्या रेसिडेंट डॉक्टरला म्हणाल्या, "ह्या जठरात काय चुकलंय?"

हर्षदनं छताकडे पाहिलं. "मॅडम, मी सकाळपासून काही खाल्लं नाहीये."

"काका, ही चित्रकला कुणाची?"

"मुलग्याची," पडद्यामागून आवाज आला. "हुशार हा हो. फक्त घाबारता. शुक्रवारी परीक्षा हा त्याची."

मॅडमनी हर्निया उरकला, जखम झाकली. मग जांभळं पेन मागवून उरलेलं पोट तपासलं. जिथं चूक, तिथं खूण आणि शेरा. स्प्लीनशेजारी लिहिलं, "ही इथं कशाला आली?"

"स्पिरिटनं पुसलं जातं," जाताना त्या म्हणाल्या. "पण शुक्रवारपर्यंत पुसू नका."

घरात होऊ घातलेला डॉक्टर असून स्पिरिट कुणालाच सुचलं नव्हतं.

घरी आल्यावर काकांनी पोट कोरडं ठेवलं आणि सौरभनं ते पाठ केलं. शुक्रवारी काका टाके दाखवायला त्याच्याबरोबर गेले आणि परीक्षेच्या दाराबाहेर बाकावर बसले. आत सरांनी एक काटकुळा मुलगा उघडा उभा केला. "दाखव पित्ताशय."

सौरभनं पेन उचललं, शोधलं, पुन्हा शोधलं. "सर, ह्याला तीळच नाही."

"कुठला तीळ?"

"पित्ताशय तिळाच्या खाली दोन बोटं असतं ना?"

दार ढकलून काका आत आले आणि सदरा वर केला. "ह्यो तीळ."

सर वाकले. जांभळी अक्षरं बघून सावध झाले. "हे अक्षर…"

"मॅडमचा," काका म्हणाले.

सरांनी सौरभला विचारलं, "काळं तुझं? मग काय काय चुकलं, सांग." सौरभनं एकेक चूक सांगितली आणि प्रत्येक चूक का, तेही न अडखळता सांगितलं. ह्या वेळी बरगड्या मोजून. तिळाचं नाव काढलं नाही.

"पास," सर म्हणाले. मग स्प्लीनजवळचा शेरा बोटानं दाखवत हळूच म्हणाले, "स्वयंपाकघरात गेलो की मलाही हेच विचारतात."

"सर," काका म्हणाले, "आता आंघोळ करू?"